उत्तर द्यायलाच हवं, असं म्हणणारा वाचक

या प्रकरणातल्या बाई मुंबईतल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतात. राहायला मुलुंडला. गिरणगावावर त्यांनी आधी एका दैनिकाच्या पुरवणीत वर्षभर सदर लिहिलं, मग त्याचं पुस्तक झालं. पावसाळा सोडला तर अधूनमधून रविवारी सकाळी लालबाग-परळ-काळाचौकी भागात त्या लोकांना घेऊन पायी फेरीही काढतात. समोरचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाई विभागात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी बाईंची वकील होते, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

गृहस्थांचं पहिलं पत्र अगदी उत्तम होतं. सदरात बाईंनी लिहिलं होतं की मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली सुरू झाली. गृहस्थांनी कळवलं की कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली १८५४ साली, पण प्रत्यक्ष सूत निघायला लागलं १८५६ मध्ये. बरोबर होतं. पुढच्याच सदरात बाईंनी दुरुस्ती छापली आणि त्यांचे नाव घेऊन आभार मानले. दुसरं पत्र नारायण मेघाजी लोखंड्यांच्या गिरणी कामगारांच्या संघटनेबद्दल. तिचं स्थापनावर्ष कुठे १८८४ तर कुठे १८९० दिलेलं सापडतं. बाईंनी १८९० लिहिलं होतं, गृहस्थांचा आग्रह १८८४चा. बाईंनी दोन पानी उत्तर लिहून आपली बाजू मांडली. ‘काका, तुमचं वाचन दांडगं आहे’ असंही त्यात होतं.

इथपर्यंत असा वाचक कुणाही लेखकाला हवासाच वाटेल.

पुस्तक आलं आणि त्यातल्या एका वाक्यावर सगळं अडलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप ‘१९८३मध्ये संपला’ असं त्या वाक्यात होतं. गृहस्थांचं म्हणणं, संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात होती, त्यांपैकी कितीतरी परत कामावर गेलीच नाहीत, मग ‘संपला’ कुणासाठी? त्यांचे वडील अशांपैकीच एक. मुद्दा खरा होता आणि त्याला धारही होती. बाईंनी कळवलं की तुमचं म्हणणं पटतं, पुढच्या आवृत्तीत बदलते.

गृहस्थांना पुढची आवृत्ती नको होती. आत्ता, वर्तमानपत्रात, जाहीर माफी हवी होती, आणि त्यात वडिलांच्या गिरणीचं नाव हवं होतं. तोवर ते चुका दाखवत होते, आता ते काहीतरी वसूल करू पाहत होते. पत्रांमधला हा फरक तेव्हा बाईंना जाणवला नाही. मलाही तो सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावल्यावरच दिसला.

त्यानंतर ईमेल रोज यायला लागले. प्रत प्रकाशकाला, प्रत पुरवणीच्या संपादकांना, मग प्राचार्यांना. महाविद्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज आला: बाईंच्या पीएचडीची कागदपत्रं, रजांचा तपशील, फेरीच्या दिवशी त्या हजेरीपटावर कुठे होत्या. एका फेरीला गृहस्थ रीतसर पैसे भरून आले आणि भारतमाता थिएटरसमोर सगळ्यांदेखत बराच वेळ उलटतपासणी घेत राहिले. बरोबरची माणसं वैतागली, एक-दोघं निघून गेली.

बाईंच्या मते छळ इथूनच सुरू झाला. मला तसं वाटत नाही, आणि यावरून आमचे पहिल्या भेटीत थोडे खटकेही उडाले. प्रकाशकाला लिहिणं हा वाचकाचा मार्गच आहे. प्राचार्यांना प्रत पाठवणं क्षुद्रपणाचं आहे, पण तक्रार करायला बंदी नाही. माहिती अधिकाराचा अर्ज तर कायद्यानेच दिलेला हक्क. महाविद्यालयाने रजा आणि सेवेची माहिती नाकारली, आणि ते योग्य होतं. कर्मचाऱ्याच्या सेवेचा तपशील ही वैयक्तिक माहिती असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात म्हटलं आहे, आणि ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच. अर्ज नाकारला जाऊ शकतो, पण तो केला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. फेरीतले प्रश्नही उघड ठिकाणी, उघड विषयावर होते. सगळं त्रासदायक होतं यात शंका नाही. पण पुस्तक लिहून लोकांसमोर ठेवणाऱ्याला एवढा त्रास सोसावा लागतो, आणि तो सोसावा लागावा असंच माझं मत आहे. नाहीतर प्रत्येक चिवट वाचक आरोपी ठरेल.

मग बाईंनी एक ईमेल पाठवला. तो चार ओळींचा होता आणि या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच ठरला. ‘आपली पत्रं वाचली. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं आहे. यापुढे आपण माझ्याशी कोणत्याही मार्गाने थेट संपर्क करू नये. पुस्तकाबद्दल जे लिहायचं असेल ते प्रकाशकांना लिहावं किंवा जाहीर छापावं.’ त्यात रागाचा शब्द नाही, कारणांची जंत्री नाही, ‘प्लीज’ नाही. आणि टीकेचं दार उघडं ठेवलेलं आहे.

त्यानंतर जे घडलं ते वेगळ्या जातीचं होतं. त्याच रात्री लांबलचक उत्तर आलं: सत्याला घाबरता म्हणून पळता. फेरीच्या जाहिरातीवर छापलेल्या मोबाइल नंबरवर व्हॉट्सअॅप सुरू झालं. बाईंनी ब्लॉक केलं. दुसऱ्या नंबरवरून आलं, तोही ब्लॉक. मग यूपीआयवरून एक रुपया जमा झाला, सोबतच्या टिपेत लिहिलेलं: ‘उत्तर?’ ज्यांच्यावर हा प्रसंग आला नाही त्यांना हे गमतीचं वाटेल. पण ब्लॉक केलेला माणूस पैशाच्या वाटेने घरात शिरतो, आणि बँकेच्या मेसेजचा आवाज आला की पोटात गोळा येतो, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. मुलुंडच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाकिटं यायला लागली. सासूबाई सही करून घ्यायच्या. एक पाकीट मुलाच्या नावाने होतं, वय वर्षं चौदा, आत आईच्या पुस्तकातल्या चुकांची यादी.

एका सकाळी नव्या नंबरवरून मेसेज आला: ‘८.४२ची फास्ट चुकली वाटतं आज.’ दोनच दिवसांनी आणखी एक: ‘रात्री दीडला ऑनलाइन असतेस. मग उत्तर द्यायला वेळ का नाही?’ तोवर प्रत्येक पत्रात अहो-जाहो होतं.

या सगळ्यात एकही शिवी नाही. धमकी म्हणावी असं एकही वाक्य नाही. बाईंनी प्लॅटफॉर्मवर उभं राहायची जागा बदलली, मग गाडी बदलली, मग फेऱ्या बंद केल्या.

पोलीस ठाण्यात काय झालं

घरच्यांनी आधी दोन उपाय सुचवले. यजमान म्हणाले, शाखेत सांगतो, दोन मुलं जाऊन समज देतील. हा उपाय आपल्याकडे किती सहज सुचतो! तो केला असता तर पहिला गुन्हा यजमानांवर दाखल झाला असता आणि गृहस्थ पीडित ठरले असते. दुसरा उपाय भाच्याचा. त्याने इंटरनेटवरून बघून अर्ज तयार केला, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घातलं आणि सोबत सगळ्या पत्रव्यवहाराचा, परीक्षणांचा, वाचकांच्या पत्रांच्या कात्रणांचा गठ्ठा जोडला.

कलम ६६अ अस्तित्वातच नाही. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तिथून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम रद्द झालं. इतरांना ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ व्हावी म्हणून पाठवलेला मजकूर त्या कलमात गुन्हा होता. ते गेल्यापासून निव्वळ त्रासदायक ईमेल हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. ते कलम गेलं हे मला आजही योग्य वाटतं, भले अशा प्रकरणात त्याची आठवण होवो.

ठाणे अंमलदारांनी गठ्ठा चाळला. वरचीच चार-पाच पानं परीक्षणांची होती. ‘मॅडम, पुस्तक लिहिलंत तर लोक बोलणारच. ब्लॉक करा. यात धमकी कुठे आहे?’ एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तीसुद्धा केली नाही, अर्जावर पोच तेवढी दिली. बाई चिडल्या. पण अंमलदारांपुढे जे ठेवलं होतं त्यात खरोखरच टीका जास्त आणि छळ कमी दिसत होता. रेल्वेचा मेसेज गठ्ठ्याच्या शेवटी कुठेतरी होता, तोही तारीख कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये.

दुसरा अर्ज करताना आम्ही आधी काढायचं काय ते ठरवलं. गृहस्थांनी दिवाळी अंकात लिहिलेलं परीक्षण काढलं. संपादकांना लिहिलेली पत्रं, प्रकाशकाचे ईमेल, माहिती अधिकाराचा अर्ज, फेरीतला प्रसंग, सगळं काढलं. बाईंचा याला विरोध होता. परीक्षणात ‘हे पुस्तक म्हणजे गिरणगावाची थट्टा आहे, आणि लेखिकेला घामाचा वास माहीत नाही’ असं वाक्य होतं आणि त्यांना तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. निदान बदनामी तरी लावा, असं त्यांचं म्हणणं.

बदनामीच्या कलमाला, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ला, अपवाद आहेत. त्यातला सहावा १८६०च्या दंड संहितेतून तसाच आलेला आहे. लोकांपुढे ठेवलेल्या कृतीबद्दल, आणि त्या कृतीतून दिसतो तेवढ्याच कर्त्याच्या स्वभावाबद्दल, सद्भावनेने दिलेलं मत ही बदनामी नव्हे. कायद्याने उदाहरणही दिलं आहे. एखादा म्हणाला की पुस्तक मूर्खपणाचं आहे, तेव्हा लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे, तर तो अपवादात बसतो, कारण निष्कर्ष पुस्तकातून काढला आहे. पण तोच म्हणाला की पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, मुळात माणूसच दुबळा आणि लंपट, तर त्याने पुस्तकाबाहेरचा माणूस पकडला, अपवाद संपला. घामाच्या वासाचं वाक्य पहिल्या प्रकारात मोडतं असं मी बाईंना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. मला ते वाक्य वाईट लिहिलेलं वाटतं, बेकायदा नाही.

उरलं ते ‘संपर्क करू नये’ या ईमेलनंतरचं. ते जेमतेम काही पानांत बसलं. एक तक्ता केला: तारीख, वेळ, कोणत्या मार्गाने, कोणत्या नंबरवरून, काय, आणि त्यावर बाईंनी काय केलं. पाकिटं टपालाच्या शिक्क्यासकट ठेवली होती हे नशीब. व्हॉट्सअॅपचं संभाषण फोनमध्ये तसंच होतं. ते पुसून फक्त स्क्रीनशॉट ठेवले असते तर पंचाईत झाली असती, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली लागणारं प्रमाणपत्र मूळ उपकरणाशी जोडलेलं असतं.

कलम लावलं न्याय संहितेचं ७८, पाठलागाचं. जुन्या दंड संहितेत हे ३५४ड होतं, २०१३च्या दुरुस्तीने आलेलं. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यावरही व्यक्तिगत संवाद वाढवण्यासाठी पुरुषाने तिचा पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा तसा प्रयत्न करणं, हा त्याचा एक भाग. तिचा इंटरनेटचा किंवा ईमेलचा वापर टेहळत राहणं, हा दुसरा. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस एनसीवर भागवू शकत नाहीत.

खरी अडचण ‘व्यक्तिगत संवाद’ या दोन शब्दांत होती. चौकशीला बोलावल्यावर गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले, आत पुस्तकाची प्रत, पानापानावर रंगीत चिठ्ठ्या. म्हणाले, ‘साहेब, मला काय या बाईंशी मैत्री करायची आहे? मला उत्तर पाहिजे. मी एक अपशब्द वापरलेला नाही.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हे कलम सहसा एकतर्फी प्रेमाच्या प्रकरणात लागतं, आणि इथे प्रेमाचा मागमूस नव्हता. आमचं म्हणणं असं होतं की विषय पुस्तकाचा असला तरी ज्याचा हट्ट धरला आहे तो संवाद व्यक्तिगतच आहे. उत्तर छापून नको, प्रकाशकाकडून नको, बाईंनी स्वतः, त्यांना, द्यायला हवं. लोकलचा मेसेज आणि रात्री दीडचा मेसेज यांचा गिरणी संपाशी संबंध काय, याचं उत्तर गृहस्थांपाशी नव्हतं. पीएसआयनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते पिशवीतून पुस्तक काढून पान दाखवायला लागले.

त्यांच्या वकिलांनी एक मुद्दा मात्र नेमका पकडला. मनाई केल्यानंतर काही आठवड्यांनी बाईंनी एकदा संतापून उत्तर दिलं होतं: ‘तुम्हाला लाज वाटत नाही का?’ वकील म्हणाले, संवाद दोन्ही बाजूंनी चालू होता. कायद्याच्या दृष्टीने तो बचाव फार टिकणारा नव्हता, पण व्यवहारात त्या एका ओळीने नुकसान केलं. तोवर मेसेज दोन-तीन दिवसांआड येत होते, त्यानंतर रोज यायला लागले. कितीही वेळा गप्प राहून शेवटी एकदा बोललं, की समोरच्याला कळतं तितक्या वेळा प्रयत्न करावा लागतो. या कारणासाठी मी आता अशिलांना सांगते की मनाई एकदाच करा, लेखी करा, आणि मग शिवी द्यायलासुद्धा बोलू नका.

आधी पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची नोटीस दिली. जुनी माणसं अजून तिला १४९ची नोटीसच म्हणतात. समज दिली, हमीपत्र लिहून घेतलं. दोनेक महिने शांततेत गेले. मग एक रुपया आला. टिपेत: ‘प्रश्न तोच आहे.’ त्यावर गुन्हा दाखल झाला.

गुन्हा नोंदला म्हणजे संपर्क थांबतो, असं मात्र नाही. पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे, माणूस त्याच दिवशी घरी जातो. म्हणून नगर दिवाणी न्यायालयात मनाईहुकमाचा दावाही लावला, कारण असा हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. मागणी मुद्दाम अरुंद ठेवली: बाई, त्यांचं घर, कुटुंब आणि कामाची जागा यांच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क नको. पुस्तकावर लिहिण्या-बोलण्याला या दाव्यात हरकत घेतलेली नाही, असं स्वतंत्र वाक्य घातलं. मजकुरावर अंतरिम बंदी घालताना किती जपून पाऊल टाकावं हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात पुन्हा बजावलं आहे. परीक्षणं थांबवा अशी एक ओळ जरी दाव्यात असती तरी सगळा युक्तिवाद तिच्यावरच झाला असता.

हेच बाईंच्या जागी पुरुष लेखक असते तर? कलम ७८ फक्त स्त्रीच्या बाबतीत लागतं, आणि फक्त पुरुष आरोपीवर. त्यांच्यापाशी उरलं असतं ते धमकीचं ३५१, जिथे मुळात धमकी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६खालचं शांतता राखण्याचं बंधपत्र, ज्याला मुंबईत सगळे चॅप्टर केस म्हणतात, आणि दिवाणी दावा. ब्रिटनमध्ये १९९७च्या कायद्याने छळ हाच गुन्हा मानला, तिथे स्त्री-पुरुष असा भेद नाही आणि निदान दोनदा घडलेलं वर्तन लागतं. आपल्याकडे असा सरळ कायदा नाही, म्हणून वकिलांना मैत्रीच्या कलमात पुस्तकाचं भांडण बसवावं लागतं. मला ते अभिमानाचं वाटत नाही.

दावा संमतीच्या अटींवर मिटला, फौजदारी खटला चालू आहे. अटी ठरताना गृहस्थांच्या वकिलांनी एक अट आग्रहाने मागितली: संपाबद्दलचं वाक्य दुसऱ्या आवृत्तीत बदलेन असं बाईंनी लिहून द्यावं. आम्ही नकार दिला. बाई ते वाक्य बदलणारच होत्या. पण ते अटींत गेलं असतं तर इतक्या पाकिटांची आणि एक-एक रुपयांची किंमत वसूल झाल्यासारखं झालं असतं. त्यांच्या वकिलांनाही हे कळत असावं, कारण त्यांनी फार ताणलं नाही.

दुसरी आवृत्ती आली. त्यात आता ‘संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही’ असं आहे. आभार मानायचे का, यावर आमचं एकमत झालं नाही. मला वाटत होतं की चूक ज्याने दाखवली त्याचं नाव कधीतरी छापून आलंच आहे, तेव्हा इथे गाळणं कोतेपणाचं दिसेल. बाई म्हणाल्या, नाव छापलं की परत पाकीट येईल. पुस्तकात फक्त ‘वाचकांनी लक्षात आणून दिल्यावरून’ असं आहे, आणि निर्णय त्यांचाच असायला हवा होता. गृहस्थांनी या आवृत्तीवरही एका अंकात परीक्षण लिहिलं. दुरुस्ती अपुरी आहे आणि लोखंड्यांचं साल अजून चुकलेलंच आहे, असं त्यात आहे. अंक प्रकाशकाने बाईंना पाठवला. त्यांनी तो वाचला. साल त्यांनी बदललेलं नाही.